हिवाळ्यात खाणं सोडलेला लेपर्ड गेको: वजन, शेपटी आणि ऋतू

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाचा आहे. मुलगा अकरा वर्षांचा, त्याचा लेपर्ड गेको (घरात पाळली जाणारी ठिपकेदार पाल) चार वर्षांचा, नाव बटाट्या. ऑक्टोबरात वजन ७८ ग्रॅम होतं, डिसेंबरात ७४, आता फेब्रुवारी संपता संपता ७१. थँक्सगिव्हिंगपासून, म्हणजे नोव्हेंबरअखेरपासून, आठवड्याला जेमतेम एखादा रातकिडा खातो. वॅक्सवर्म (मऊ, चरबीदार अळी) समोर धरला तरच उत्साह दाखवतो. दिवसभर काचेच्या टाकीच्या गार कोपऱ्यात पडून असतो, गेल्या आठवड्यापासून मात्र रात्री काच खरवडतो. टाकी खिडकीशेजारी आहे, खाली विजेवर तापणारी हीट मॅट आहे आणि काचेवर चिकटवलेला गोल थर्मामीटर ८० फॅरनहाइट दाखवतो. दुकानातल्या माणसाने शीतनिद्रा आहे, सोडून द्या असं सांगितलं. ओळखीतल्या एकाने तोंड उघडून भरवायला सांगितलं. शिवाय मागच्या उन्हाळ्यात हाच प्राणी लठ्ठ आहे म्हणून कुणी तरी टोकलं होतं. मग आता वजन उतरतंय ते चांगलं की वाईट?

आधी तुमचे आकडे घेऊ. ७८ वरून ७१ म्हणजे सात ग्रॅम, जवळपास नऊ टक्के, आणि तेही चार महिन्यांत. पूर्ण वाढ झालेल्या आणि मुळात अंगाने भरलेल्या गेकोसाठी हा उतार घाबरण्यासारखा नाही. हेच सात ग्रॅम तीन आठवड्यांत गेले असते, किंवा बटाट्या व्यवस्थित खात असताना गेले असते, तर हे उत्तर वाचत बसू नका, आधी डॉक्टर गाठा, असं मी म्हटलं असतं. गेको पाळणाऱ्यांचं सगळं लक्ष 'खातो की नाही' यावर असतं. माझं लक्ष काट्यावर आणि शेपटीवर असतं. न खाणारा पण वजन धरून असलेला मोठा गेको मला हिवाळ्यात चालतो. खाऊन झडत जाणारा बाराही महिने चालत नाही.

एक अडचण मात्र आहे. चार महिन्यांत तुमच्या नोंदी तीनच आहेत. उतार हळूहळू झाला की शेवटच्या पंधरवड्यात एकदम, हे त्यातून कळत नाही. म्हणून आजपासून आठवड्याला एक वजन लिहायला लागा. हे काम लेकाकडेच द्या, मुलं मोठ्यांपेक्षा जास्त इमानदारीने करतात.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दशांश दाखवणारा मिळाला तर उत्तम, नाही तर एक ग्रॅमचाही चालेल. श्रीखंडाचा रिकामा, उंच कडांचा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, मग गेको आत सोडा. सुरुवातीला तो डब्यात गोल फिरतो आणि आकडा नाचत राहतो. डब्यावर एक हलकं फडकं अलगद टाकलं की अंधारात तो थबकतो. अर्थात ते फडकंही शून्य करताना काट्यावर असायला हवं. वजन संध्याकाळी, खायला देण्याआधी करायचं, आणि आकड्याशेजारी चार शब्द लिहायचे: लेंडी केली का, कात टाकली का, आठवड्यात किती किडे खाल्ले, खोली किती गार होती. पोटातलं अन्न आणि लेंडी मिळून दोन ग्रॅमचा फरक सहज पडतो. त्यामुळे एका रविवारी ७२ आणि पुढच्या रविवारी ७० आलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. सलग तीन-चार आठवडे काटा एकाच दिशेला जात असेल तर तो उतार खरा. रोज वजन करू नका. रोज उचलून काढणं त्यालाही नको असतं.

आता शेपटी. लेपर्ड गेकोची शेपटी म्हणजे त्याचं बेगमीचं कोठार. हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या खडकाळ, कोरड्या मुलखातला. तिथे उन्हाळा भाजून काढतो आणि हिवाळ्यातल्या रात्री कडाक्याच्या असतात. किडे मिळतात तेव्हा खाऊन घ्यायचं, चरबी शेपटीत साठवायची आणि थंडीत दगडांच्या कपारीत किंवा बिळात पडून तिच्यावर दिवस काढायचे, असा त्याचा वर्षाचा हिशेब. तुमच्या बटाट्याच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या असतील, पण शरीर जुनाच हिशेब चालवतं. दिवस लहान झाले, रात्री खोली गार पडायला लागली, एवढी खूण त्याला पुरते. (याच वंशातली एक जात, युब्लेफेरिस फस्कस, आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत खडकाळ माळांवर आढळते. लोक तिला विषारी समजून ठेचतात. तिच्यात विष अजिबात नसतं. सुट्टीत गावी गेलात आणि नशिबाने रात्री दिसली तर लेकाला लांबून दाखवा. घरी मात्र आणू नका, रानातले प्राणी उचलून पाळण्याची सोय आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नाही.)

बटाट्याचा एक फोटो सरळ वरून काढा, तो सपाट उभा असताना. शेपटीचा सगळ्यात रुंद भाग आणि मान यांची तुलना करा. शेपटी मानेइतकी किंवा थोडी जास्त रुंद असेल तर प्रकृती ठीक. ती डोक्यापेक्षाही रुंद झाली असेल, पुढच्या पायांच्या बगलेत मऊ फुगवटे दिसत असतील आणि चालताना पोट जमिनीला घासत असेल, तर प्राणी लठ्ठ आहे. उलट टोकाला, शेपटीच्या मुळाशी हाडांच्या कडा जाणवायला लागतात, कमरेची हाडं वर येतात, कुशीवरच्या कातडीला सुरकुत्या पडतात. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उंचीवरून फोटो काढलात तर हा फरक नुसत्या डोळ्यांपेक्षा कितीतरी आधी पकडता येतो. शेपटी एकदा तुटून पुन्हा आली असेल तर हे गणित लागू पडत नाही. नवी शेपटी आखूड, गुळगुळीत आणि जात्याच फुगीर असते. प्राणी खंगला तरी ती काही काळ गुबगुबीत दिसते. अशा वेळी कमरेकडे बघायचं.

ठोकळमानाने मादी ५० ते ७० ग्रॅम आणि नर ६० ते ८० ग्रॅम भरतो. 'जायंट' म्हणून विकल्या जाणाऱ्या वाणाचे गेको शंभरच्याही वर जातात. पण या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका. लहान चणीची ५५ ग्रॅमची मादी लठ्ठ असू शकते आणि लांब हाडापेराचा ७५ ग्रॅमचा नर सडपातळ. बटाट्याची तुलना बटाट्याशीच करायची.

खरं सांगायचं तर तुमचा मजकूर वाचताना मी वजनापाशी थांबलो नाही, थर्मामीटरपाशी थांबलो. काचेला चिकटवलेला तो गोल चकतीचा थर्मामीटर काचेजवळच्या हवेचं तापमान दाखवतो, आणि तेही अंदाजानेच. गेको पोट टेकून बसतो ती फरशी किती गरम आहे, हे त्यातून कळत नाही. उबदार बाजूच्या बिळात, म्हणजे लपायच्या जागेत, फरशीचं तापमान ९० ते ९३ फॅरनहाइट हवं, म्हणजे ३२ ते ३४ सेल्सियस. गार टोकाला ७२ ते ७८ फॅरनहाइट, म्हणजे साधारण २२ ते २६. रात्री सगळंच ६८ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे २० सेल्सियसपर्यंत उतरलं तरी धडधाकट प्राण्याला त्रास होत नाही. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर आणा, ते टोक उबदार बिळात फरशीवर ठेवा आणि दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, आकडे लिहा. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे ऐंशीच्या आसपासच काहीतरी निघेल. कारण सोपं आहे: रात्री तुम्ही घराचं हीटिंग उतरवता, खिडकीतून गारवा झिरपतो आणि ती बिचारी मॅट एकटी पुरी पडत नाही.

दुसरी शक्यता बरोबर उलटी आहे. मॅटला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला ऊब थांबवणारं उपकरण) नसेल तर फरशी शंभरच्या बरीच वरही जाऊ शकते, आणि मग गार कोपऱ्यात बसणं म्हणजे शीतनिद्रा नसून चटक्यापासून पळ काढणं असतं. पोटाखाली लालसर किंवा तपकिरी डाग आहेत का, तेही बघून घ्या. 'गार कोपऱ्यात बसतो' या एका लक्षणामागे ही दोन परस्परविरुद्ध कारणं असू शकतात आणि मोजल्याशिवाय त्यातलं कुठलं ते कळत नाही. काहीही निघालं तरी मॅटला थर्मोस्टॅट लावायचाच, आणि टाकी खिडकीपासून आतल्या भिंतीला हलवायची. उन्हाळ्यातही तिथेच राहू द्या. खिडकीतलं ऊन काचेच्या टाकीला तासाभरात भट्टी करतं.

उबेबद्दल मी एवढं का ताणतोय? कारण गेकोचं पचन त्याच्या स्वतःच्या अंगातल्या उष्णतेवर चालत नाही, फरशीतून आणि दिव्यातून मिळणाऱ्या उबेवर चालतं. ऊब नीट असेल तर खाल्लेलं दोन-चार दिवसांत पुढे सरकतं. ऊब नसेल तर किडा पोटात पडून राहतो, कुजतो, कधी उलटून बाहेर येतो. आता तुमच्या घरी काय चाललंय बघा: प्राण्याने थंडी ओळखून स्वतःहून खाणं बंद केलंय, पोट रिकामं ठेवलंय, आणि आपण मायेपोटी वॅक्सवर्म पुढे धरून ते भरतोय. पोट भरलेलं आणि अंग गार, ही अवस्था नुसत्या उपासापेक्षा वाईट. त्यामुळे टाकी धड गरम ठेवा आणि खायला द्या, नाही तर खाणं देऊ नका. मधलं काही नको. वादळात वीज गेली तर हाच नियम: टाकीवर गोधडी टाका, खायला देऊ नका; एक-दोन दिवस गारठला म्हणून निरोगी मोठ्या गेकोचं काही बिघडत नाही, पण भरल्या पोटी गारठला तर बिघडतं.

दुकानातल्या माणसाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पैदास करणारे लोक खरोखर गेकोंना हिवाळ्यात थंड करतात, पण त्याची पद्धत असते. आधी दोन आठवडे ऊब चालू ठेवून खाणं बंद करतात, म्हणजे पोट पूर्ण रिकामं होतं. मग तापमान थोडं थोडं खाली आणतात, सहा ते आठ आठवडे पाणी तेवढं ठेवून गार जागी राहू देतात आणि तितक्याच सावकाश परत गरम करतात. हे धष्टपुष्ट, तपासून घेतलेल्या मोठ्या प्राण्यांसाठी, आणि पिल्लं हवी असतील तरच. घरात एकटा पाळलेला गेको थंड करण्याची काहीच गरज नाही. बटाट्याचं जे चाललंय ती पूर्ण शीतनिद्रा नाही, हिवाळी मंदी म्हणा फार तर. ती येऊ द्यावी, तिच्याशी भांडू नये, पण उबदार बाजू वर्षभर उबदारच ठेवावी. कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवेल. दिव्याचे तास उन्हाळ्यात चौदापर्यंत आणि हिवाळ्यात दहा-अकरा ठेवले तर त्याच्या शरीराला ऋतूचा मेळ घालता येतो.

या काळात सात ते दहा दिवसांतून एकदा, संध्याकाळी, दोन-तीन किडे दाखवायचे. पंधरा मिनिटांत घेतले नाहीत तर काढून घ्यायचे. टाकीत मोकळे सोडलेले रातकिडे झोपलेल्या गेकोला रात्री कुरतडतात; बोटांवर आणि पापण्यांवर अशा जखमा घेऊन आलेले प्राणी दवाखान्यात नेहमी दिसतात. पाणी रोज ताजं हवं. तुमच्याकडे सेंट्रल हीटिंगने घरातली हवा कोरडी ठणठणीत होते, म्हणून ओलसर शेवाळ घातलेला एक बंद डबा, वर बोटभर मोठं भोक पाडून नव्हे तर त्याचं डोकं आरामात जाईल एवढं भोक पाडून, उबदार आणि गार बाजूंच्या मध्ये ठेवा. कात नीट सुटली नाही तर बोटांभोवती तिचे वेढे राहतात आणि रक्तपुरवठा तुटून बोट गळतं. कात टाकायच्या आधी दोन-तीन दिवस अंग फिकट, दुधाळ पडतं आणि भूक जाते; तो उपास हिशेबात धरू नका.

ही सूट कुणाला द्यायची नाही तेही सांगतो. वर्षाच्या आतल्या पिल्लाला. शरद ऋतूतच हडकुळा असलेल्याला. नुकताच विकत आणलेल्याला. आणि ज्याचं वजन मंदीच्या आधीच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरलंय त्याला. बटाट्याची ही रेषा ७० ग्रॅमवर येते, म्हणजे तुम्ही तिच्या अगदी जवळ उभे आहात. तो लठ्ठ होता म्हणून मी निश्चिंत आहे, पण बेफिकीर नाही.

आता काच खरवडण्याचं. फेब्रुवारीअखेर ते सुरू झालं हे मला बरं लक्षण वाटतं, कारण हा त्यांचा माजावर येण्याचा काळ. घरात पाळलेल्या गेकोंचा विणीचा हंगाम साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो आणि शरद ऋतूपर्यंत चालतो. नर या दिवसांत खाण्याकडे ढुंकून बघत नाही. रात्रभर येरझाऱ्या घालतो, शेपटीचं टोक थरथरवतो, आणखी काही ग्रॅम घालवतो आणि एप्रिल-मेपर्यंत आपोआप ताळ्यावर येतो. त्याच्या मदतीला काही करावं लागत नाही. टाकीसमोर आरसा किंवा दुसरा गेको दिसत असेल तर तेवढं हटवा.

पण बटाट्या नर आहे हे कुणी ठरवलं? दुकानात सांगितलं असेल तर एकदा स्वतः बघा. त्याला स्वच्छ, पारदर्शक डब्यात ठेवून डबा डोळ्यांच्या वर धरा. मागच्या पायांच्या मधोमध, बाणाच्या टोकाच्या आकारात, मेणचट ठिपक्यांची ठळक रांग आणि तिच्या खाली, शेपटीच्या मुळाशी, दोन फुगवटे असतील तर नर. ठिपके पुसट आणि फुगवटे नाहीत, तर मादी. आणि मादी निघाली तर सगळ्या आकड्यांचा अर्थ बदलतो.

लेपर्ड गेकोची मादी नर नसतानाही अंड्यावर येते. डबा वर धरलेला असताना फोनचा टॉर्च बाजूने लावा: पोटाच्या पातळ कातडीतून दोन्ही बाजूंना गुलाबीसर गोल गोळे दिसले तर बीजं वाढताहेत, लांबट, पांढरट दोन आकार दिसले तर अंडी तयार आहेत. या दिवसांत ती दोन ते चार आठवडे खात नाही. मग बीजं एक तर अंगातच जिरतात किंवा दोन फोल अंडी घातली जातात. काटा नेमका इथे फसवतो. मादी उपाशी आहे, शेपटी बारीक होतेय, पण अंडी भरत असल्यामुळे वजन जिथल्या तिथे किंवा उलट वाढलेलं. आणि अंडी घातली त्या रात्री पाच-सहा ग्रॅम एकदम गायब. ज्याला अंड्यांची कल्पना नाही तो आधी बिनघोर राहतो आणि मग घाबरतो, दोन्ही वेळा चुकीच्या दिवशी. म्हणून शेपटीचा फोटो हवा म्हणतोय.

मादी असेल तर एका डब्यात चार बोटं खोल ओलसर कोकोपीट भरून ठेवा. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतपत ओल. तिथे ती उकरेल आणि अंडी घालेल. फोल अंड्यांनाही कॅल्शियम तितकंच लागतं, तेव्हा किड्यांना कॅल्शियम पावडर लावण्यात खाडा नको. टाकीत यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर डी-३ जीवनसत्त्व असलेली पावडरही वेळापत्रकानुसार हवी. दिवसेंदिवस उकरतेय, कळा देतेय, अंडी मात्र येत नाहीत आणि ती मलूल होत चाललीय, तर अंडं अडलंय. तिथे घरगुती उपाय नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

जबरदस्तीने भरवण्याबद्दल माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. जबडा नाजूक असतो, तो दुखावतो. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि प्राणी तुमचा हात आला की दडून बसायला शिकतो. खरोखर खंगलेल्या प्राण्याला पातळ पूरक अन्न द्यावं लागतं, पण ते आधी गरम करून, पाणी भरून आणि कारण शोधून मग. बटाट्या त्या यादीत नाही.

वॅक्सवर्म बंद. मऊ, चरबीने गच्च भरलेला असा तो किडा असतो आणि एकदा चटक लागली की गेको बाकी सगळ्याला नाक मुरडतो. तुमची ऊब दुरुस्त झाली की आठवडाभर काहीच देऊ नका, मग डुबिया झुरळ किंवा रातकिडा द्या. नाही घेतला तर पुन्हा चार-पाच दिवसांनी. मोठा गेको एवढ्याने उपाशी मरत नाही, आणि हट्टात त्याच्यापेक्षा तुम्ही आधी हरण्याचीच शक्यता जास्त. फारच अडला तर सिल्कवर्म किंवा हॉर्नवर्म या अळ्या वापरून बघा. त्या पाणीदार असतात, चरबी कमी, आणि वळवळतात छान. किडे गेकोला देण्याआधी एक-दोन दिवस त्यांना गाजर, पालेभाजी, धान्याचा भरडा असं चांगलं खाऊ घाला, कारण उपाशी रातकिडा म्हणजे नुसती टरफलं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, लठ्ठपणाचा. वजन उतरलं ते बरंच झालं, पण उपासाने उतरवणं ही पद्धत नव्हे. लठ्ठ गेकोचं खाणं एकदम तोडलं की साठवलेली चरबी भसाभस यकृताकडे जाते आणि यकृत चरबीने भरून निकामी व्हायला लागतं. जाड प्राण्याचा लांबलेला उपास म्हणूनच मी सडपातळ प्राण्याइतकाच गंभीरपणे घेतो. वसंतात भूक परतली की जुन्या वेळापत्रकावर जाऊ नका. चार-पाच दिवसांतून एकदा, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नसलेले पाच-सहा किडे, एवढं पुरे. आठवड्याला एक टक्क्यापेक्षा जास्त उतार मी होऊ देत नाही. बटाट्याच्या बाबतीत म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आत. किडे ताटलीत वाढण्याऐवजी चिमट्याने टाकीभर फिरवत द्या, चढायला सपाट दगड आणि सालीचे तुकडे ठेवा. ६८ ते ७० च्या आसपास शेपटी मानेएवढी दिसायला लागली की तिथेच थांबा.

वाढलेलं वजन नेहमी चरबीचंच असतं असंही नाही. 'लेमन फ्रॉस्ट' नावाच्या पिवळ्याधमक वाणात त्वचेच्या गाठी होतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांचा संबंध रंग देणाऱ्या त्याच जनुकीय बदलाशी जोडला गेला. तुमचा बटाट्या त्या वाणाचा असेल तर पोटावर पांढरट उंचवटे आहेत का ते दर महिन्याला बघा.

आजाराचं चित्र मंदीपेक्षा वेगळं असतं. मंदीतला गेको उचलला की डोळे उघडून बघतो, चालतो, अंग उचलून धरतो, जीभ फिरवतो. आजारी गेको हातात लोळागोळा होतो. खाल्लेलं उलटतं, लेंडी पातळ आणि उग्र वासाची होते, डोळे खोल जातात, जबडा मऊ लागतो किंवा पाय थरथरतात. सगळ्यात वाईट ते क्रिप्टोस्पोरिडियम: आतड्यातला परजीवी, ज्यात शेपटी झडत झडत काडीवर येते, बऱ्याचदा सुरुवातीला प्राणी खात असतानाच. त्यावर खात्रीचा इलाज नाही, आणि नेहमीच्या ब्लीचनेही तो मरत नाही. निदान लेंडीच्या किंवा स्वॅबच्या पीसीआर तपासणीने होतं. एकदा निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नसतं, लक्षणं असतील तर पुन्हा करावी लागते. घरात दुसरा गेको आणायचा विचार असेल तर निदान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने आणि वेगळ्या भांड्यांत ठेवा.

तेव्हा तुमचं पुढचं काम असं. या आठवड्यात तापमान मोजून दुरुस्त करा, नर की मादी ते बघा, वॅक्सवर्म थांबवा. ऊब नीट होऊन तीन आठवडे झाले तरी काटा ७० च्या खाली सरकत राहिला, किंवा वर सांगितलेल्यातलं एकही लक्षण दिसलं, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या दवाखान्यात बहुधा पुढेच पाठवतील. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांच्या 'एआरएव्ही' या अमेरिकेतल्या संघटनेच्या यादीत जवळचा डॉक्टर शोधता येतो. जाताना वजनाची वही, वरून काढलेले फोटो, टाकीचा एक फोटो आणि शक्य तितकी ताजी लेंडी झाकणाच्या डब्यात न्या. रात्रीची असेल तर फ्रीजमध्ये ठेवलेली चालते, गोठवलेली नको. गेको छोट्या डब्यात मऊ कापडावर, शेजारी फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, आणि बाहेर बर्फ असेल तर गाडी आधी गरम करून मगच त्याला घराबाहेर काढा. निघायच्या आधी दोन दिवस खायला काही देऊ नका.